उसनी अश्वशक्ती

मोटारीच्या इंजिनास नायट्रसची जोड द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणत्या पद्धतीची, हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असे पालकांपैकी कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की, ज्या विषयावर मुले मधल्या सुट्टीत तावातावाने बोलतात, त्याविषयी शाळेने मौन धरणे बरे नव्हे. डिंडोलीत नववी-दहावीत शिकणाऱ्या कित्येक मुलांचा थोरला भाऊ, काका किंवा मामा गॅरेजात, यंत्रमागावर, नाही तर भरतकामाच्या यंत्रावर राबत असतो. यंत्र ही आपल्या घरची वस्तू आहे. परीटघडीच्या वस्तीतील मुलास ती जितकी परकी वाटते तितकी आपल्यास वाटत नाही. म्हणूनच २००१ साली आलेल्या 'द फास्ट अँड द फ्यूरिअस' या चित्रपटाने जी निळी बाटली जगभर प्रसिद्ध केली, तिच्याकडे आपली मुले केवळ गंमत म्हणून पाहत नाहीत. आपल्या गाडीला ती बसेल काय, कोणती घ्यावी, असा व्यवहारी प्रश्न ती विचारतात.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. रस्त्यावर चालवावयाच्या मोटारीस यांपैकी कोणतीही योजना बसवू नये. परंतु 'नको' म्हणून विषय मिटविणे मला पसंत नाही. नकार द्यावयाचा तोही समजून-उमजून द्यावा. आणि या वायूचा हिशेब इतका सुरस आहे की तो पाठ्यपुस्तकात का नाही, याचेच नवल वाटते.

नायट्रस ऑक्साइड हा काही मोटारवाल्यांचा शोध नव्हे. जोसेफ प्रीस्टली याने १७७२ साली तो प्रथम तयार केला. १७९९ मध्ये ब्रिस्टल येथे तरुण हम्फ्री डेव्ही याने तो स्वतः हुंगून पाहिला आणि हसू आणणारा वायू म्हणून त्याची ख्याती झाली. १८४४ साली होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने तो घेऊन आपलीच दाढ उपटवून घेतली. तेव्हापासून शस्त्रक्रियागृहातील निळ्या नळकांड्यांतून तो रुग्णांच्या वेदना हरण करीत आला आहे. त्याच्या रेणूत नत्राचे दोन अणू व प्राणवायूचा एक. वजनाने पाहिले तर ४४ भागांत १६ भाग प्राणवायू, म्हणजे शेकडा ३६. आपल्या श्वासातील हवेत वजनाने प्राणवायू शेकडा २३च असतो. सगळी करामत या दोन आकड्यांतील अंतरात आहे. नायट्रस स्वतः पेटत नाही. तो दुसऱ्यास जाळावयास मदत करतो. सिलिंडरातील उष्णतेत त्याचा रेणू फुटतो, थोडी उष्णता स्वतःची सोडतो आणि प्राणवायू मोकळा करतो. आता त्या प्राणवायूच्या प्रमाणात जास्त पेट्रोल आत घातले, तर तेवढे जास्त जळते आणि दट्ट्यावर तेवढा जोराचा दाब पडतो. बाटलीतील द्रव उणे ८८ अंशांस उकळतो. त्यामुळे तोटीतून बाहेर पडताना तो आत जाणारी हवाही गार आणि दाट करतो, हा वरचा लाभ.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. १ किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. तेच काम नायट्रसवर करावयाचे तर रासायनिक समीकरणाने सुमारे साडेनऊ किलो नायट्रस लागतो. मोटारीत बसवितात ती प्रचलित बाटली १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलोची. तेव्हा ती अख्खी बाटली रिकामी करून जास्तीचे पेट्रोल जळणार ते अर्ध्या किलोहूनही कमी. मापाने सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप! १०० अश्वशक्तीची मात्रा घेतली तर अशी बाटली दीड-पावणेदोन मिनिटांत संपते. पिण्याच्या पाण्याची बाटली भरेल-न भरेल इतके पेट्रोल चटकन जाळता यावे म्हणून माणसाने केवढे यंत्र उभारले आहे, हे ध्यानात आले की त्या चित्रपटातील मोहिनी पुष्कळशी ओसरते.

हा खटाटोप जेथे खरोखर शोभला ते ठिकाण निराळे होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने 'जी-एम १' नावाची योजना आपल्या लढाऊ विमानांवर बसविली होती. १० किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पावपट राहतो. तेथे इंजिनाचा जीव गुदमरतो. अशा वेळी टाकीतील नायट्रस म्हणजे त्याला बरोबर नेलेला श्वासच होता. ब्रिटिशांनीही काही विमानांवर हा उपाय योजला. युद्धानंतर तो शर्यतीच्या मोटारींत आला. परंतु आपले सुरत शहर तापीच्या मुखाशी, समुद्रसपाटीहून काही थोड्या मीटरांवर वसलेले आहे. येथे हवेला तोटा नाही. येथील गाडी दमते ती बहुधा हवा गाळणारी जाळी धुळीने आणि कापडाच्या तंतूंनी तुंबली म्हणून. क्वचित प्लग झिजले म्हणून, क्वचित चाकांत हवा कमी म्हणून. ज्याची जाळी दोन वर्षे बदललेली नाही त्याने नायट्रसची चौकशी करावी, हे नाक चोंदलेल्या माणसाने प्राणवायूचे नळकांडे मागविण्यासारखे आहे.

असो. योजनांच्या निवडीकडे वळू. ढोबळमानाने त्या तीन प्रकारच्या असतात. पहिलीस कोरडी म्हणतात. तीत हवेच्या नळीत केवळ नायट्रस सोडावयाचा आणि जास्तीचे पेट्रोल मूळच्याच इंजेक्टरांनी पुरवावयाचे. जोडणी सोपी, भोके थोडी, म्हणून नवशिक्यास ती गोड वाटते. मला ती सर्वांत फसवी वाटते. आजच्या पुष्कळ लहान मोटारींतील संगणक नळीतील हवेचा दाब व उष्णता मोजून पेट्रोल किती द्यावयाचे ते ठरवितो. नायट्रस आत आला याची वर्दी त्यास आपोआप लागत नाही. ती देण्याची निराळी व्यवस्था करावी लागते, आणि इंजेक्टरांच्या तोंडांनाही मर्यादा असतेच. प्राणवायू वाढला आणि पेट्रोल तेवढेच राहिले तर ज्वलन अतितप्त होते, इंजिन ठोकू लागते, आणि ॲल्युमिनियमचा दट्ट्या मेणासारखा वितळतो. हे व्हावयास काही क्षण पुरतात.

दुसरी ओली. तीत एकाच तोटीतून नायट्रस आणि पेट्रोल जोडीने आत जातात. दोहोंच्या भोकांची मापे जोडीनेच ठरविलेली असल्यामुळे प्रमाण राखणे सुकर होते. तीन प्रकारांत मला ही बरी वाटते. दोष हा की, नळीच्या वळणावर पेट्रोलाचे थेंब मागे राहतात. मग एका सिलिंडरास अधिक, दुसऱ्यास उणे अशी वाटणी होते. आणि साठलेले पेट्रोल उलटे पेटले तर हल्लीच्या प्लास्टिकच्या हवानळ्या फुटतात. तिसरी योजना प्रत्येक सिलिंडराच्या दाराशी स्वतंत्र तोटी बसविण्याची. पंगतीत प्रत्येकाच्या पानावर मोजून वाढावे तशी तिची वाटणी चोख असते. परंतु ती मोठ्या मात्रेसाठी आणि मुळापासून नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी आहे. घडीव दट्ट्ये नसलेल्या घरगुती मोटारीस ती बसविणे म्हणजे मातीच्या चुलीवर कारखान्याची कढई चढविणे होय.

याहून महत्त्वाची एक गोष्ट मुले हमखास विसरतात. तोटीतून नायट्रस वाहतो तो घड्याळाच्या हिशेबाने, इंजिनाच्या नव्हे. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ५० वेळा स्फोट होतो. २००० फेऱ्यांवर केवळ १७ वेळा. नायट्रस मात्र दोन्ही वेळी सेकंदाला तेवढाच येतो. म्हणजे मंद इंजिनात प्रत्येक स्फोटाच्या वाट्यास तिप्पट मात्रा जाते. चित्रपटातील नायक वाटेल तेव्हा कळ दाबतो. खऱ्या इंजिनात तसे केले तर दट्ट्याचा दांडा वाकतो. म्हणून जाणते लोक दोन पहारेकरी ठेवतात: पेडल तळाशी टेकल्याखेरीज झडप उघडू नये असा एक खटका, आणि सुमारे ३००० फेऱ्यांच्या खाली व कमाल फेऱ्यांच्या वर ती बंद राहावी असा दुसरा. शिवाय ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. दर ५० अश्वशक्तीस सुमारे दोन अंश, असा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. पेट्रोल चांगल्या प्रतीचे आणि प्लग अधिक थंड जातीचे लागतात. हे सर्व करूनही १२०० घनसेंटिमीटरच्या, ८०-८५ अश्वशक्तीच्या घरगुती इंजिनावर २५ अश्वशक्तीपलीकडे जाऊ नये, असे मी म्हणेन. ५० अश्वशक्ती चढविणे म्हणजे त्या बिचाऱ्याकडून दीडपटीहून अधिक काम मागणे. गाडीवान भल्या बैलावरही इतके ओझे घालीत नाही.

आता आपल्या गावच्या उन्हाविषयी. नायट्रसच्या बाटलीतील दाब उष्णतेवर अवलंबून असतो. ३० अंशाला तो सुमारे ६३ बार असतो, आणि बहुतेक योजना ६२ ते ६९ बारच्या दरम्यान काम करावे अशा हिशेबाने बनविलेल्या असतात. ३६.४ अंश हा या वायूचा क्रांतिक बिंदू. त्यापुढे बाटलीत द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि भरलेल्या बाटलीतील दाब भराभर चढतो. परदेशी सूचीपत्रांत बाटली ऊबदार ठेवण्याचे तापक विकावयास असतात, कारण तेथे थंडीने दाब पडतो. आपल्याकडे वैशाखात बाटलीला ओले गोणपाट पांघरावे लागेल! यात विनोद आहे, पण धोकाही आहे. दाब चढला की नायट्रस अधिक वाहतो, पेट्रोल मात्र ठरलेलेच जाते, आणि पुन्हा तोच अतितप्त ज्वलनाचा प्रकार. जानेवारीत नीट जुळवलेली योजना मे महिन्यात इंजिन खाते ती अशी.

त्यात आपल्याकडील पुष्कळ मोटारी सीएनजीवर चालतात, आणि डिकीत त्याची टाकी असते. तीत २०० बारपर्यंत दाबाने भरलेला वायू असला तरी तिच्यामागे नियमांचे पाठबळ आहे: मान्यताप्राप्त संच, नोंदणीपुस्तकात तशी नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी. त्या टाकीशेजारी नायट्रसची बाटली ठेवावयाची म्हणजे जळणारा आणि जाळणारा यांचे बिऱ्हाड एकाच खोलीत करावयाचे. अपघातात दोहोंच्या नळ्या एकदम तुटल्या तर काय होईल ते सांगावयास रसायनशास्त्राचा पदवीधर नको.

या ठिकाणी एक आक्षेप ऐकू येतो. तो खास आपला, खानदेशी आहे, म्हणून त्यास मान देऊन उत्तर देतो. आखाजीस किंवा लग्नसराईत सारे कुटुंब गाडीत बसवून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या वाटेने धुळ्याकडे निघावे, तर कोंडाईबारीच्या चढावर सीएनजीवरील गाडी दमते. सीएनजीवर इंजिनाचा जोर पेट्रोलहून शेकडा दहाच्या आसपास कमी पडतो, हे खरेच आहे. मग तेवढ्यापुरती नायट्रसची मदत का नको? एक तर अशा चढावर लागणारा जोर काही क्षणांचा नसतो. २५ अश्वशक्तीच्या बारीक मात्रेवरही अख्खी बाटली सात मिनिटे पुरेल, आणि तीही पेडल तळाशी दाबून ठेवले तरच. वळणांवर, पुढे मालमोटार, मागे बस अशा स्थितीत सात मिनिटे पूर्ण पेडल कोण दाबणार? शिवाय आखाजीच्या उन्हात बंद डिकीतील बाटली केव्हाच ३६ अंशांच्या पलीकडे गेलेली असते. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलचा खटका टाकावा, गिअर एक पायरी उतरवावा, सामान थोडे कमी घ्यावे. एवढ्यात काम भागते. ज्यास याहून जास्त जोर नित्य हवा, त्याने पुढली गाडी घेताना टर्बो इंजिनाचा विचार करावा. टर्बोही इंजिनास जास्त हवाच देतो, पण ती बाहेरच्या वातावरणातून घेऊन; बाटली संपण्याचा प्रश्न नाही, आणि दट्ट्यापासून संगणकापर्यंत सर्व काही त्या बेताने कारखान्यातच घडविलेले असते. एका लिटरच्या अशा इंजिनातून आज १०० अश्वशक्तीच्या आसपास जोर मिळतो.

पालकांच्या माहितीसाठी कायद्याचेही चार शब्द. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने, कारखानदाराने ठरविलेल्या मूळ घडणीहून निराळी होईल अशी फेरफार मोटारीत करता येत नाही; ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास मालकास ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही अशी तरतूद झाली. सीएनजीचा मान्य संच नोंदवून बसविता येतो. नायट्रसची बाटली नव्हे. आणि अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. 'मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून सुटका होत नाही. ते सिद्ध करावे लागते.

कायद्याचा धाक बाजूस ठेवला तरी रस्ता राहतोच. २० जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर अहमदाबादेत इस्कॉन पुलावर एका अपघाताभोवती माणसे जमली होती. त्या जमावात एक भरधाव मोटार घुसली आणि नऊ जणांचे प्राण गेले. तेथे नायट्रसचे नाव कोठेही नव्हते. वेग तेवढा पुरेसा झाला. आपल्या डिंडोलीच्या रस्त्यांवर सायंकाळी पाळी सुटल्यावर सायकली, रिक्षा, भाजीच्या हातगाड्या आणि शिकवणीहून परतणारी मुले यांची जी दाटी असते, तीत मूळच्या ८५ अश्वशक्तीपैकी वीस तरी वापरता येतात काय, हे ज्याने त्याने पाहावे. दुसऱ्याच्या अंगणात आपली हौस फेडण्याचा अधिकार कोणासही नाही.

तरीही मी या हौसेचा वैरी नाही. ज्या मुलास तोटीचे माप, फेऱ्यांचा हिशेब आणि दाबाचा आलेख यांत रस वाटतो, त्याने वायूंचे नियम परीक्षेपुरते पाठ करणाऱ्याहून अधिक मिळविले आहे. अशा मुलास 'गॅरेजात जाशील' म्हणून हिणविणारे पालक आपल्यात आहेत. ती त्यांची मोठी चूक आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यती भरविल्या गेल्या आहेत. पट्टी बंद, प्रेक्षक दूर, वाहनाची तपासणी, शिरस्त्राण, रुग्णवाहिका, अशा ठिकाणी या विद्येस वाव आहे. उलट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धांत इंजिनात हवा आणि इंधन यांखेरीज काहीही घालण्यास मनाई आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे कस लागतो तो असलेल्या हवेचे काय केले याचा.

बाटली उघडून पांढऱ्या धुराचा फवारा हवेत सोडण्याची एक चाल शर्यतवाल्यांत आहे. नळीतील बुडबुडे काढण्यासाठी क्षणभर तसे करावे लागते हे मान्य. परंतु पुष्कळ वेळा तो केवळ दिमाख असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने नायट्रस ऑक्साइडचा १ किलो कर्बद्विप्राणिल वायूच्या २७३ किलोंइतकी पृथ्वी तापवितो. साडेचार किलोची बाटली नुसतीच हवेत गेली तर ते सुमारे ५०० लिटर पेट्रोल जाळल्याबरोबर होते. दिमाखाची ही किंमत त्या चित्रपटात कोणी मोजलेली नाही.

तेव्हा ज्यास पुढे या विद्येत पडावयाचेच आहे त्याने क्रम असा ठेवावा: आधी दहावी, मग औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा तंत्रनिकेतन. एक जुने इंजिन स्वतःच्या हाताने पूर्ण सोडवून पुन्हा जोडावे. सिलिंडरांतील दाब मोजावयास शिकावे. निकासातील प्राणवायू मोजणारे यंत्र वाचावयास शिकावे. एवढे झाल्यावर बंद पट्टीसाठी ओली योजना, सर्वांत बारीक तोटी, दोन्ही पहारेकरी खटके आणि बाटलीवर दाबमापक. बाटली भरून घ्यावयाची ती परवानाधारकाकडूनच. रुग्णालयाच्या नळकांड्यातून चोरवाटेने मुळीच नाही. आणि या वर्षी आखाजीस निघणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हवेची जाळी काढून उन्हात धरून पाहावी. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवी घालावी. ते काम घरच्या घरी पाच मिनिटांत होते.